उंबरठ्यावरची भाषा

विद्यापीठात प्रवेश मागणाऱ्या मुलाकडून विद्यापीठाने काय काय मागावे, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो, फी, आणि परदेशी विद्यापीठ असेल तर इंग्रजी येत असल्याचा पुरावा. अर्ज भरायचा, कागद जोडायचे, वाट पाहायची. परंतु आमच्यासारख्या उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्यांना या यादीतली शेवटची अट कारकुनी वाटत नाही. आमच्या मुलांच्या आयुष्याचे दोन भाग होतात ते याच अटीपाशी. म्हणून आम्ही हा प्रश्न नीतीचा प्रश्न म्हणून मांडू इच्छितो. ज्ञानाच्या दारात उभ्या असलेल्याला "आधी आमची भाषा बोलून दाखव" असे म्हणण्याचा हक्क कोणाला आहे का? असेल तर तो कुठवर?

भाषा ही अडचण नेमकी कशी होते, ते आधी सांगितले पाहिजे. आमच्या वर्गात बसलेले मूल सातवी-आठवीपर्यंत तीन लिप्या हाताळते. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे. गणिताच्या तासाला तर एकाच ओळीत दोन्ही दिशा येतात; वाक्य उजवीकडून चालते आणि समीकरण डावीकडून. त्रिकोणाला ते 'मुसल्लस' म्हणते, कोनाला 'ज़ाविया', घनतेला 'कसाफ़त'. हिरवे पान उन्हात आपले अन्न कसे तयार करते हे त्याला नीट ठाऊक असते. फक्त ते त्याला 'ज़ियाई तालीफ़' म्हणते. शेजारच्या मराठी शाळेतले मूल त्यालाच 'प्रकाशसंश्लेषण' म्हणते. दोघे दहावी होतात, अकरावी विज्ञानाच्या वर्गात शेजारी शेजारी बसतात आणि समोरचे प्राध्यापक 'फोटोसिंथेसिस' म्हणून पुढे निघून जातात. पान तेच, ऊन तेच, ज्ञानही तेच. पण त्या क्षणी दोन्ही मुलांना वाटते की आपल्याला काहीच येत नाही. मूल अडाणी नसते, त्याला अडाणी असल्याची जाणीव करून दिली जाते. भाषेच्या अटीचा पहिला घाव इथे बसतो. परदेश तर फार पुढची गोष्ट.

आता त्या पुढच्या गोष्टीकडे येऊ. इंग्लंडच्या विद्यापीठात जायचे तर साधारणपणे आयेल्ट्स नावाची परीक्षा द्यावी लागते. १९८९ पासून ती या नावाने चालते. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे तिचे चार भाग. ऐकण्याला अर्धा तास, वाचनाला एक तास, लेखनाला एक तास, आणि परीक्षकासमोर बसून बोलण्याला अकरा ते चौदा मिनिटे. गुण शून्य ते नऊ. निकाल दोन वर्षे चालतो. दोन वर्षांनंतर तुमचे इंग्रजी जणू आटून गेले असे धरले जाते. बहुतेक विद्यापीठे सहा ते सात गुण मागतात, कायदा किंवा वैद्यक असेल तर त्याहून अधिक. शिवाय प्रत्येक भागात किमान इतके हवेतच, अशी पोटअट असते. भारतात या परीक्षेची फी आता सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीला एका विद्यापीठाने प्रवेश देऊ केला होता. अट एवढीच होती की एकूण साडेसहा गुण हवेत आणि कोणत्याही भागात सहाच्या खाली नको. तिचे अब्बा यंत्रमागावर काम करतात. तिला ऐकण्यात सात, वाचनात सात, बोलण्यात साडेसहा आणि लेखनात साडेपाच मिळाले. बेरीज-भागाकार केला की बरोबर साडेसहा होतात. एकूण अट पूर्ण झाली, पोटअट अर्ध्या गुणाने राहिली. तिने पुन्हा फी भरली, पुन्हा बसली, लेखनात पुन्हा साडेपाच. तोवर मुदत संपली होती. तिच्या अम्मीने आम्हाला एकच प्रश्न विचारला, "सर, ये आधा नंबर क्या होता है?" आता एकाच भागाची फेरपरीक्षा देण्याची सोय झाली आहे, पण सगळीच विद्यापीठे ती मानत नाहीत. त्या अर्ध्या गुणाचा अर्थ त्या माउलीला सांगता येईल असा शब्द आम्हाला उर्दूत सापडला नाही आणि मराठीतही सापडला नाही.

इथे कोणी म्हणेल की हे सारे भावनेचे बोलणे झाले; अट ती अट. आम्ही या म्हणण्याला कमी लेखत नाही. अटीच्या बाजूनेही सांगण्यासारखे बरेच आहे. ज्याला व्याख्यान कळणार नाही त्याला वर्गात बसवून वर्षाची फी घेणे ही फसवणूकच आहे. आणि काही व्यवसायांत तर भाषेवर माणसाचा जीव अवलंबून असतो. २००८ साली जर्मनीहून इंग्लंडात आठवड्याच्या सुट्टीपुरत्या कामावर आलेल्या एका डॉक्टरने एका रुग्णाला वेदनाशामक औषध प्रमाणाबाहेर दिले आणि तो रुग्ण दगावला. चूक औषधाच्या मात्रेची होती. पण चौकशीत असेही पुढे आले की एका ठिकाणी इंग्रजी कमी पडल्यामुळे त्याला परवानगी मिळाली नव्हती आणि दुसऱ्या ठिकाणी ती मिळाली होती. युरोपातून येणाऱ्या डॉक्टरांचे इंग्रजी तपासण्याचा अधिकार तिथल्या वैद्यक परिषदेला २०१४ साली मिळाला. या अटीला अन्याय कोण म्हणेल? रुग्णाचे दुखणे डॉक्टरला कळलेच पाहिजे. तेव्हा भाषेची अट मुळातच वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही.

आमचे म्हणणे असे की अटीचे दोन प्रकार असतात. एक अट कामातून निघते. नावाड्याला पोहता आले पाहिजे, तशी. दुसरी अट कामातून निघत नाही, ती माणूस कुठला आहे ते पाहून निघते. दोन्ही अटी कागदावर सारख्याच दिसतात आणि घोळ तिथेच होतो.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण दूर शोधायला नको. ब्रिटिश सरकारने इंग्रजी भाषिक मानलेल्या देशांची एक यादी केलेली आहे. त्या देशांच्या नागरिकांना व्हिसासाठी इंग्रजीचा पुरावा द्यावा लागत नाही. तीत अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, जमैका, माल्टा वगैरे देश आहेत. भारत नाही. ज्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, ज्या देशात १९६३ च्या कायद्याने इंग्रजी केंद्राच्या कारभारात कायम ठेवली, त्या देशाचा नागरिक इंग्रजीत एम. ए. झालेला असला तरी त्याला निराळा पुरावा जोडावा लागतो. उलट घरीदारी फ्रेंचच बोलणारा क्वेबेकचा माणूस कॅनडाचा नागरिक म्हणून मोकळा सुटतो. माल्टातल्या बहुतेक लोकांची मायबोली माल्टी आहे, तेही मोकळे. म्हणजे इथे माणसाचे इंग्रजी तपासले जात नाही, त्याचे पारपत्र तपासले जाते. पुष्कळ ब्रिटिश विद्यापीठे आपल्याकडच्या बारावीच्या इंग्रजीचे गुण आयेल्ट्सऐवजी मान्य करतात, हे खरे. पण तिथेही कोणत्या मंडळाची बारावी हे पाहिले जाते. केंद्रीय मंडळाला एक माप, राज्याच्या मंडळाला दुसरे, आणि काही राज्यांना मुळीच माप नाही.

पैशाचा भागही सांगून टाकू. अर्धा-एक गुण कमी पडलेल्यासाठी कित्येक विद्यापीठांत प्रवेशापूर्वीचा इंग्रजीचा वर्ग असतो. काही आठवड्यांचा, फी पौंडात. ती भरून तो वर्ग पार पाडला की त्या अर्ध्या गुणाची अडचण राहत नाही. वर्ग चांगले असतील, आम्ही त्यांची निंदा करीत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्याच्या वडिलांकडे दोन-तीन लाख रुपये जास्तीचे आहेत त्याला अर्धा गुण शिकून मिळवता येतो आणि यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या मुलीला येत नाही. मग ही अट इंग्रजीची राहिली की ऐपतीची?

इतिहासात थोडे मागे गेले की ही गोष्ट आणखी उलगडते. ज्या इंग्रजांनी जगाला इंग्रजीची अट घातली, त्यांच्याच मुलांना ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या दारात शतकानुशतके परक्या भाषेची अट होती. लॅटिन आणि ग्रीक. गणिती व्हायचे असो की रसायनशास्त्रज्ञ, ग्रीक आले पाहिजे. महायुद्ध संपल्यावर केंब्रिजने १९१९ साली आणि ऑक्सफर्डने १९२० साली ग्रीकची सक्ती उठवली. लॅटिनची सक्ती मात्र १९६० पर्यंत टिकली. ती उठवायची म्हटल्यावर विद्येचा दर्जा घसरेल अशी ओरड झाली होती. लॅटिन न येणाऱ्या मुलांनी पुढे काय करून दाखवले ते जगासमोर आहे. लॅटिनची अट रसायनशास्त्रासाठी नव्हती. महागड्या शाळेत शिकलेला मुलगा आणि गावच्या शाळेत शिकलेला मुलगा यांतला फरक ओळखण्यासाठी ती सोयीची होती, एवढेच. दारावरचा पहारेकरी बदलता येतो, हे यातून आम्ही शिकावे.

आपल्या मुंबईचेही पाहा. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली, आणि उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे होते. पुढच्या काही वर्षांतच वरच्या परीक्षांतून मराठीला बाहेर काढण्यात आले. इंग्रजीच्या जोरावर पुढे गेलेले रानडेच पुढे मराठीला विद्यापीठात परत आणण्यासाठी झटले. याच काळातले दुसरे नाव बद्रुद्दीन तय्यबजींचे. मदरशात उर्दू-फारसी, मग एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी, १८६० साली वयाच्या सोळाव्या वर्षी विलायतेला प्रयाण, १८६७ साली बॅरिस्टर. तय्यबजींचे वडील मोठे व्यापारी होते म्हणून हे घडू शकले. पण तय्यबजी मोठे ठरले ते एवढ्यावर नव्हे. १८७४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. जो उंबरठा आपण बापाच्या पैशावर ओलांडला तो दुसऱ्याच्या मुलांनाही ओलांडता यावा, म्हणून त्यांनी शाळा काढली.

आणखी एक बाजू आहे आणि ती विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल. या देशात ज्यांना स्वभाषेतही शाळेचे दार बंद होते त्यांना इंग्रजी ही बेडी वाटली नाही. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते इंग्रजीच्याच वाटेने. संस्कृतचे दार ज्यांच्या तोंडावर लावले गेले होते त्यांना इंग्रजीने निदान जात विचारली नाही. म्हणून "इंग्रजी ही साम्राज्याची भाषा, तिला हात लावू नका" असे जे आमच्यातले काही वडीलधारे सांगतात, ते आम्हाला पटत नाही. मादरी जबानचा अभिमान एवढा महाग नसावा की त्याची किंमत दुसऱ्याच्या मुलाने भरावी. उर्दूच्या नावाने मुशायऱ्यात माना डोलावणाऱ्या किती जणांची मुले उर्दू शाळेत आहेत? उर्दू शाळांत शिकवणाऱ्या पुष्कळ शिक्षकांचीही मुले इंग्रजी शाळेत जातात. त्यांना आम्ही दोष देत नाही; प्रत्येक बाप आपल्या मुलाचे भले पाहतो. पण मग गरिबाच्या मुलाला तेवढे भाषाप्रेमाचे व्याख्यान देऊ नये.

तर मग स्वभाषेतून उच्च शिक्षण हा उपाय आहे काय? तो प्रयोगही झाला आहे, आणि आपल्या शेजारीच झाला आहे. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या आदल्या वर्षीच 'दारुल-तर्जुमा' सुरू झाले होते. तिथे विज्ञान, वैद्यक, कायदा, इतिहास अशा विषयांचे ग्रंथ उर्दूत आणले गेले, हजारो पारिभाषिक शब्द घडवले गेले. आमची मुले आज जे शास्त्रीय उर्दू शब्द वापरतात त्यांच्यामागे त्या परिश्रमांची मोठी पुण्याई आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की उस्मानियात इंग्रजी हा विषय सक्तीचा होता. इंग्रजी शिका, पण ज्ञान इंग्रजीवाचून अडू नये, असे ते धोरण होते. १९४८ नंतर तिथले माध्यम बदलले आणि तो प्रयोग तिथेच थांबला.

आज आपल्याकडे काही दारे उघडलीही आहेत. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत आधी उर्दू नव्हती. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१८ पासून ती आली. महाराष्ट्राच्या सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राची प्रश्नपत्रिका मराठीत आणि उर्दूतही मिळते, गणिताची मात्र इंग्रजीतच. २०२२ साली सुरू झालेली केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा तेरा भाषांत होते. या गोष्टींचा आम्हाला आनंद आहे. पण इथेही एक नैतिक पेच आहे. उर्दूत 'नीट' देऊन आत गेलेल्या मुलासमोर दुसऱ्याच दिवशी इंग्रजी ग्रंथ येतो. दार आपल्या भाषेत, घर परक्या भाषेत. उंबरठा खाली केला पण आत दिवा लावला नाही तर ठेच लागणारच. आणि तो ठेचकाळला की लोक म्हणतात, बघा, यांना उगाच आत घेतले. अट कठोर असणे जसे अन्यायाचे, तसे अट सैल करून पुढची जबाबदारी झटकणे हेही अन्यायाचेच.

या सगळ्यातून आमच्या मनाशी तीन कसोट्या तयार झाल्या आहेत. पहिली, अट कामातून निघाली पाहिजे. डॉक्टरला रुग्णाची भाषा हवी. गणिताच्या विद्यार्थ्याकडे निबंधलेखनात अर्धा गुण जास्त असण्याचा हट्ट कशासाठी, याचे उत्तर अट घालणाऱ्याने दिले पाहिजे. दुसरी, अट सर्वांना सारखी हवी. इंग्रजी तपासायचे तर सर्वांचे तपासा. पारपत्र पाहून कोणाला सूट आणि कोणाला सक्ती नको. तिसरी, जो अट घालतो त्याने ती पूर्ण करण्याची वाटही दाखवली पाहिजे, आणि ती वाट फक्त पैसेवाल्याची नसावी.

दुसऱ्या कसोटीला आणखी एक पदर आहे, संशयाचा. २०१४ साली बीबीसीच्या एका कार्यक्रमाने लंडनमधल्या काही केंद्रांवर इंग्रजीच्या टोइक परीक्षेत होणारी तोतयेगिरी उघड केली. फसवणूक झाली होती, यात शंका नाही. पण त्यानंतर परीक्षा घेणाऱ्या कंपनीने तपासलेल्या सुमारे ५८ हजार निकालांपैकी जवळजवळ ३४ हजार अवैध आणि २२ हजारांहून अधिक संशयास्पद ठरवले. म्हणजे जवळजवळ सगळेच. कित्येकांचे व्हिसे रद्द झाले, शिक्षण अर्धवट राहिले. आपण निर्दोष आहोत हे सांगत काही जण वर्षानुवर्षे न्यायालयांचे उंबरठे झिजवत राहिले, आणि त्यातले काही खटले जिंकलेही. ज्यांनी उत्तम इंग्रजीत आपली कैफियत मांडली त्यांनाही आधी ऐकून घेतले गेले नाही. भाषेची परीक्षा विश्वासाच्या जागी बसवली की काय होते ते इथे दिसते. माणूस समोर बोलत असतो आणि आपण त्याचा कागद पाहत असतो.

आता राहतो प्रश्न आमचा, म्हणजे शिक्षकांचा. ब्रिटिश सरकारची यादी आम्हाला बदलता येणार नाही आणि परीक्षेची फीही कमी करता येणार नाही. पण वर्गाच्या चार भिंतींत आमचे राज्य असते. पालक येऊन विचारतात, "सर, बच्चे को इंग्लिश मीडियम में डाल दें क्या?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे म्हणजे जबाबदारी टाळणे, असे आम्हाला वाटते. आम्ही त्यांना सांगतो की मूल विचार करायला शिकते ते ज्या भाषेत अम्मीशी भांडते त्या भाषेत. तो पाया हलवू नका. पण त्याचबरोबर आमच्याकडे हक्काने मागा की पाचवीपासून त्याला रोज इंग्रजीत पाच वाक्ये स्वतःची लिहायला लावा, फळ्यावरची उतरवायला नव्हे. 'ज़ियाई तालीफ़'च्या शेजारी 'प्रकाशसंश्लेषण' आणि 'फोटोसिंथेसिस' हे तिन्ही शब्द एकाच दिवशी फळ्यावर आले पाहिजेत. तिन्ही शब्दांखाली पान एकच आहे हे ज्याला सहावीत कळले, तो अकरावीच्या वर्गात घाबरणार नाही.

मूल ही शिक्षकाकडे सोपवलेली अमानत आहे. तिच्यात दोन प्रकारे खयानत होते. इंग्रजी येत नाही म्हणजे तुला अक्कल नाही, असे मुलाला वाटू देणे ही एक. आपली भाषा गोड आहे म्हणून इंग्रजीवाचून चालेल, असे त्याला सांगणे ही दुसरी. पहिली त्याचे मन मोडते, दुसरी त्याची वाट.

बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाकने ग्रीक वैद्यकाचे ग्रंथ सुरयानी आणि अरबी भाषांत आणले, त्याला आता अकराशेहून अधिक वर्षे झाली. ज्ञान हवे असेल तर आधी ग्रीक शिका आणि मग या, असे त्या काळच्या जाणत्यांनी वाचकाला बजावले नाही. स्वतः ग्रीक शिकले आणि ज्ञान वाचकाच्या दारात नेऊन ठेवले. आजच्या विद्यापीठांकडून एवढ्याची अपेक्षा आम्ही करीत नाही. त्यांनी इंग्रजी मागावी. आमची मुले ती शिकतील, शिकत आहेत. ज्या विद्यार्थिनीचा उल्लेख वर आला आहे ती सध्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि संध्याकाळी उर्दू शाळांतून आलेल्या मुलींना इंग्रजी लेखनाचे धडे देते, फी न घेता. आमची मागणी इतकीच आहे की दारावर उभ्या असलेल्याने भाषा तपासताना आपण नेमके काय तपासतो आहोत, हे स्वतःला एकदा विचारावे.